मैदान कुठं मांडायचं?

यंदाच्या अंकाचा विषय ‘मैदान’ ठरला, तेव्हा कुस्ती, कबड्डी आणि बैलगाडा शर्यतींवर भरपूर मजकूर येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तो आलाही, पुढच्या पानांवर तुम्हाला भेटेलच. पण संपादक मंडळाची एक अख्खी बैठक खाल्ली ती एका निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या पत्रानं. पत्र पोस्टकार्डावर मावेल एवढं. सातारा आणि सांगली मिळून बेसबॉलचं एक धड मैदान करायचं ठरलं, तर तुम्ही ते कुठं कराल?

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे. पोरं-पोरी खेळतातही. कुठं? क्रिकेटच्या मैदानाच्या उरलेल्या कोपऱ्यात. फक्कीचा डबा, सुतळीचा गुंडा आणि चार खुंट्या घेऊन सर सकाळी येतात. सुतळीला नव्वद फुटांवर गाठ मारलेली असते, कारण एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत अंतर ९० फूट. चौकोन काटकोनात बसला की नाही, हे पाहायला होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत सुतळी ताणायची. ती १२७ फूट आणि वर तीनेक इंच भरली पाहिजे. पिचरची जागा त्याच कर्णावर, साडेसाठ फुटांवर. इथवर सगळं शिस्तीत होतं. पुढं आउटफील्ड सुरू होतं आणि सायकल स्टँडपाशी संपतं. त्यापलीकडं चेंडू गेला तर होमरन धरायची की काच फुटली म्हणून पळून जायचं, हा निर्णय पंचांचा!

या खेळाच्या नियमपुस्तकात एक मजेशीर सूचना आहे. होम प्लेटवरून पिचरमार्गे सेकंड बेसकडं जाणारी रेषा शक्यतो पूर्वेकडं, किंचित ईशान्येला झुकलेली असावी. दुपारच्या सामन्यात मावळतीकडचं ऊन बॅटरच्या पाठीशी राहावं, डोळ्यांत जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे मैदानाची जागा ठरवणाऱ्यानं आधी सूर्य कुठं मावळतो ते बघायचं. आपल्याकडं आधी सात-बारा बघतात. गायरान कुठं शिल्लक आहे, कुठल्या गटावर वाद नाही, कुठली जमीन दुसऱ्या कशालाच उपयोगाची नाही, तिथं क्रीडासंकुल. मग गावापासून लांब एखाद्या माळावर कमान उभी राहते, कुंपण होतं, एक हॉल होतो, आणि शाळा सुटल्यावर पाच वाजता तिथं जायचं कसं, हे सातवीतल्या मुलीनं आपलं आपण बघायचं.

कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. खो-खोचं २७ बाय १६. हे खेळ देवळापुढच्या पटांगणात मावतात, आणि आपल्या भागात ते रुजले त्यात या मावण्याचा वाटा मोठा आहे. बेसबॉलला नुसत्या खेळण्याच्या जागेलाच तीनेक एकर लागतात. होम प्लेटपासून समोरच्या कुंपणापर्यंत चारशे फुटांच्या आसपास अंतर हवं. तीन एकर बागायत कोण देणार? म्हणून प्रश्न लगेच माळावर जातो, आणि माळावर गेला की पाण्यावर येतो.

पाण्याचं इथल्या माणसाला सांगायला नको, तरी २०१६चा एप्रिल आठवून बघा. मिरज स्टेशनात मालगाडीच्या टँकरमध्ये कृष्णेचं पाणी भरलं जात होतं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली आणि तिच्या स्वागताला माणसं फलाटावर उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. त्या वर्षीचा अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूत झाला. पिण्याच्या पाण्याची मालगाडी धावत असताना खेळपट्ट्यांवर फवारे उडवायचे का, असा तो वाद होता. न्यायालयाचा निकाल काहींना अति वाटला. आम्हाला तो तेव्हाही योग्य वाटला होता. माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात हिरवळीचं स्टेडियम सुचवणाऱ्यानं निदान ती गाडी आठवावी.

बरं, मग नदीकाठ घ्या म्हणावं, तर तिथं दुसरं संकट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या पाण्यात काय काय गेलं, हे ज्यांच्या घरात गेलं त्यांना विचारा. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर. नदीच्या बाजूची सपाट, मऊ, स्वस्त वाटणारी जमीन स्टेडियमला देण्याचा मोह कुणालाही होईल. खरं तर मोकळं मैदान पूररेषेत असायला हरकतही नाही. पाणी येईल, गाळ टाकेल, ओसरेल, महिनाभरानं पोरं पुन्हा धावतील. हरकत आहे ती त्याभोवती सिमेंटचा गोठ उभा करण्याला. पाण्याची जायची जागा आपण अडवतो आणि नंतर पाणी घरात आलं म्हणून धरणाकडं बोट दाखवतो.

दिवाळीत किल्ला करणारी पोरं जागा कशी निवडतात बघा. माती जवळ, नळ जवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली येणार नाही असा कोपरा, आणि आईनं हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. नियोजनाचा एवढा चोख आराखडा मोठी माणसं स्टेडियमसाठी क्वचितच करतात.

मोठ्या माणसांची जागा बहुतेक वेळा रागातून ठरते. मुंबईत १९३७ साली समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम झालं. पुढं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात सामन्याच्या जागा कुणाला किती, यावरून बिनसलं. एका बाजूला विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला शेषराव वानखेडे. वानखेड्यांनी ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दुसरं स्टेडियम काढलं, शशी प्रभूंनी ते आखलं, साधारण तेरा महिन्यांत उभं राहिलं, आणि जानेवारी १९७५मध्ये क्लाइव्ह लॉइडनं तिथं नाबाद २४२ धावा केल्या. रागातून निवडलेली जागा, पण निघाली सोन्यासारखी. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये, लोकलच्या रुळांना लागून. विरारचा कारकून ऑफिस सुटल्यावर तिथं पोचू शकतो. नंतर नागपूरकर जामठ्याला गेले, पुणेकर गहुंजेला. दोन्ही स्टेडियमं देखणी, मोटारवाल्यांच्या सोयीची. गहुंजेला २०२३च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले. बाकीच्या दिवसांत शेजारच्या गावातल्या पोराला आत काय काम?

अमेरिकेत बेसबॉलच्या संघांचं याहून अवघड. तिथं संघ मालकाचा असतो आणि जागा मनासारखी मिळाली नाही तर संघच उचलून दुसऱ्या शहरात जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डॉजर्स नावाचा संघ होता. मालक वॉल्टर ओमॅली यांना रेल्वेच्या नाक्यावरची जागा हवी होती, रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्यानं ती दिली नाही, दुसरीकडची पुढं केली. १९५७चा हंगाम संपला आणि संघ देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला निघून गेला. तिथं त्याला चावेझ रॅव्हीन नावाची टेकड्यांची जागा मिळाली. ती मोकळी होती म्हणतात. पण मोकळी केलेली होती. मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या तीन वस्त्या तिथं होत्या. १९५०मध्ये त्यांना सांगितलं गेलं, इथं सरकारी घरं होणार आहेत, पहिला हक्क तुमचा. घरांची योजना बारगळली. शेवटची माणसं १९५९च्या मे महिन्यात पोलिसांनी उचलून बाहेर काढली आणि १९६२मध्ये स्टेडियम सुरू झालं. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची पुढची पिढी अजून पुनर्वसनाच्या फायली घेऊन सातारच्या कचेरीत जाते, तिला ही गोष्ट अर्ध्यावरच कळेल. धरणातून निदान वीज आली.

२०२८च्या ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल त्याच डॉजर स्टेडियममध्ये होणार आहे. त्याच स्पर्धेत क्रिकेटही परत येतंय. दोन्ही चेंडूफळी, पण एकमेकांना जागा देताना हल्ली बरी वागतात. टेक्सासात ग्रँड प्रेअरीला बेसबॉलचं एक छोटं स्टेडियम पडून होतं. ते क्रिकेटसाठी बदलून घेतलं. त्याच मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात ६ जून २०२४ला आपल्या सौरभ नेत्रावळकरनं सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिलं. आणि त्याच स्पर्धेसाठी न्यूयॉर्कजवळ एका बागेत ३४ हजार खुर्च्यांचं स्टेडियम जोडलं, भारत-पाकिस्तान सामना खेळवला, आणि तिथले सामने संपले तसं उचलून नेलं. बाग पुन्हा बाग झाली.

हे वाचून आपल्याकडच्या जुन्या जाणत्याला नवल वाटणार नाही. जत्रेचा फड काय वेगळा असतो? औंधची यमाईची यात्रा, पुसेगावची सेवागिरींची. हलगी वाजते, हौद्यात तांबडी माती चाळून टाकलेली असते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. भोवतीनं माणसं आपोआप गोल होऊन बसतात, पुढची मांडी घालून, मागची उकिडवी, त्यामागची उभी, आणि झाडावर पोरं. संध्याकाळी शेवटची कुस्ती निकाली झाली की दुसऱ्या दिवशी तिथं शेळ्या चरतात. कुंडलचं मैदान तर डोंगराच्या उतारानंच बांधून दिलेलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी रोमचं कलोझियम पाहून आल्यावर खासबाग बांधलं, १९१२मध्ये ते पुरं झालं. त्यातली अक्कल बघा: मधला हौदा आणि भोवती मातीचा चढता उतार, म्हणजे शेवटच्या माणसालाही पैलवानाच्या पायाची पकड दिसावी. आणि जागा भर शहरात, नाट्यगृहाला लागून. कुस्ती संपली की नाटक!

त्याच कुस्तीनं देशाला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक दिलं. हेलसिंकी, १९५२, गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्यांच्या गावात कुस्ती संकुल बांधायची घोषणा झाली, आणि त्यानंतर इतकी वर्षं गेली की २०१७मध्ये घरच्यांवर ते पदक लिलावात काढायची भाषा करायची वेळ आली. आता १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. गोळेश्वरात जागेचा प्रश्नच नव्हता. जागा खाशाबांनीच ठरवून ठेवली होती. जिथं तालीम आहे, पोरं आहेत, नाव आहे, तिथं बांधकाम वर्षानुवर्षं रखडतं आणि जिथं यातलं काहीच नाही तिथं आधी कमान उभी राहते, हा अनुभव एकट्या गोळेश्वरचा नाही.

उलटं उदाहरणही साताऱ्याचंच. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली, वय १७. तिच्याबरोबर पुरुषांत जिंकला तो नागपूरचा ओजस देवतळे. दोघांचे प्रशिक्षक प्रवीण सावंत, आणि सराव कुठं? साताऱ्यात उसाच्या रानातल्या अकादमीत. कंपाउंड धनुष्याला लक्ष्य ५० मीटरवर लागतं. सपाट पट्टा हवा, मागं बाण अडायला काहीतरी हवं, आणि कुणी मधून चालत जाऊ नये. उसाचं रान याहून जास्त मागत नाही. नागपूरचा मुलगा साताऱ्याला आला तो स्टेडियम बघून आला नाही. शिकवणारा माणूस तिथं होता म्हणून आला. फलटणजवळच्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला, माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. यातल्या कुणासाठी गॅलरी आधी बांधली नव्हती.

तर आता सरांच्या प्रश्नाला उत्तर. १९४९पर्यंत हे दोन जिल्हे बऱ्याच अंशी एकच होते. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तेव्हा दोघांच्या मध्यावर, रेल्वेवर, पुराच्या वर आणि दुष्काळाच्या अलीकडं अशी जागा हवी. आमचं मत किर्लोस्करवाडी-कुंडलच्या माळाला. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. औंधचे राजे पंतप्रतिनिधी म्हणाले, कुंडल रोड स्टेशनलगतचा माळ घ्या. निवडुंग आणि नागांनी भरलेला तो माळ त्यांनी घेतला, कारण गाडी दारात थांबत होती. पुढं १९२०मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघालं, त्यामुळं आम्हा अंकवाल्यांचा त्या माळावर थोडा जीव आहे, हा पक्षपात मान्य. कराडची, भिलवडीची, मिरजेची पोरं रेल्वेनं येऊ शकतात. सराव संपल्यावर, साडेसहा-सातला, दोन्ही दिशांना पॅसेंजर मिळाली पाहिजे, ही आमची पहिली अट. गॅलरीचा विचार त्यानंतर. दुसरी अट, होम प्लेट पश्चिमेला. तिसरी, पाण्याची एक टाकी आणि मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह, तेही कुदळ मारण्याच्या दिवसापासून. हिरवळ नसली तर नसू दे, मुरूम चालेल.

हे उत्तर वाचून बैठकीत एकानं विचारलं की असल्या आडजागी उद्घाटनाला पालकमंत्री येणार कसे. सोपं आहे. सेंटर फील्डला चारशे फूट मोकळं असतं, हेलिकॉप्टर तिथं उतरवा. फक्त पायलटला सांगून ठेवा, फक्की उडवू नको, दुपारी मुलींचा सामना आहे.