गालफडांची सावली

स्नेहसंमेलनाला तीन आठवडे उलटले होते. बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी मराठी विभागात आली आणि दाराशीच थांबून तिने विचारले, ‘मॅडम, नाटकात केलं होतं तसं कॉन्टूरिंग रोज कॉलेजला येताना केलं तर चालते का?’ हा प्रश्न आमच्याकडे यावा याचे कारण बहुधा एवढेच, की एकांकिका आम्ही बसवली होती आणि आरसाही आमच्याच विभागात आहे. ‘रोज कशाला?’ असे म्हणून आम्ही तासाला निघून गेलो. हे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांचे होते, शिक्षकांचे नव्हते. या गोष्टीला आता महिना होत आला, तरी विभागातली त्यावरची चर्चा संपलेली नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी (आमच्यापैकी एकजण परवापरवापर्यंत त्यांतच होते) थोडे सांगायला हवे. आपल्या वर्णाहून एकदोन छटा गडद, चमक नसलेली, किंचित करडेपणाकडे झुकणारी तपकिरी भुकटी किंवा मलम घ्यायचे आणि चेहऱ्यावर जिथे सावली असावी असे वाटते तिथे लावून त्याच्या कडा विरवून टाकायच्या. कानापासून निघून गालाच्या हाडाखाली, नाकाच्या दोन्ही अंगांना, जबड्याच्या काठाने. जे पुढे आलेले दिसायला हवे त्यावर उजळ छटा. चित्रकार कागदावरचे सफरचंद ज्या युक्तीने गोल करतो तीच ही युक्ती. मात्र कागद मुळात सपाट असतो, आणि चेहऱ्याला त्याची स्वतःची सावली आधीपासूनच असते.

ही युक्ती आली रंगमंचावरून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून मराठी नटाला दिव्याशी झुंजावे लागले आहे. आधी तेलाचे दिवे, मग गॅसच्या बत्त्या, मग वीज. समोरून वा पायांशी ठेवलेल्या दिव्यांतून उजेड आला की चेहऱ्याचे उंचसखल पुसले जाते, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाक कुठे संपते व गाल कुठे सुरू होतो हे कळेनासे होते. जे दिव्याने पुसले ते रंगाने पुन्हा काढायचे, हे रंगभूषेचे मूळ काम. सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ एवढ्या सामग्रीवर कितीतरी नट उभे राहिले. १८७३ साली बर्लिनमध्ये लुडविग लाइश्नर या ऑपेरागायकाने नटांच्या रंगांचा कारखाना काढला तोही याच गरजेतून. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांविषयी आपण वर्गात किती बोलतो! पण पुरुषाचा जबडा त्या उजेडात स्त्रीचा दिसावा यासाठी रंगपटात काय काय करावे लागत असेल, याचा उल्लेखही आपल्या टिपणांत नसतो. आमच्या पूर्वेला झाडीपट्टीत धान निघाल्यावर वडसा परिसरातल्या मंडळ्या रात्ररात्र नाटके करतात. तिथल्या नटाला कोणी हा प्रश्न विचारला तर तो प्रथम विचारील, दिवा कुठून येणार आहे?

चित्रपटाने दिवा अधिक प्रखर केला आणि रंग काढून घेतला. कृष्णधवल पडद्यावर चेहरा उठून दिसण्यासाठी सावलीच हाताशी उरली. हॉलिवुडचा रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर याने १९३२ च्या सुमारास तर एक यंत्रच तयार केले होते. धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू असलेला पिंजरा नटीच्या डोक्याभोवती बसवायचा आणि आदर्श मापापासून तिचा चेहरा कुठे किती ढळतो ते मोजायचे. जिथे ढळेल तिथे रंग. त्या पिंजऱ्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ. २०१२ साली किम कार्दाशियन हिने स्वतःच्या चेहऱ्यावरच्या, अजून न विरवलेल्या पट्ट्यांचे छायाचित्र सर्वांना दाखवले आणि रंगपटातली ही गोष्ट घराघरांतल्या आरशापुढे आली. मोबाइल स्वस्त झाल्यावर ती झरी जामणीपर्यंत यायला वेळ लागला नाही.

मोबाइलविषयी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. हात लांब करून घेतलेल्या छायाचित्रात भिंग चेहऱ्याच्या फार जवळ असते. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यात भिंगाला सर्वांत जवळचे नाकच. म्हणून त्या छायाचित्रातले नाक समोरच्या माणसाला दिसणाऱ्या नाकाहून रुंद येते. मुलगी ते पाहते, आपले नाक असेच आहे असे मानते, आणि भिंगाचा दोष स्वतःच्या चेहऱ्यावर भुकटी लावून दुरुस्त करू लागते. वर्गात दीड हात अंतरावर बसलेल्या मैत्रिणीला तो दोष कधी दिसलेलाच नसतो.

तेव्हा ‘रोज’ या शब्दाचा विचार प्रथम उजेडाच्या बाजूने करू. आमच्या तालुक्यात रोजचा उजेड म्हणजे ऊन. सकाळी एका गालावर, दुपारी डोक्यावर, परतताना दुसऱ्या गालावर. एस. टी. च्या खिडकीतून ते येते, कापसाच्या शेताकडेच्या वाटेवर येते. रंगवलेली सावली मात्र जागची हलत नाही. खरी सावली सरकून गेली की ही तिथेच मातीच्या डागासारखी उरते. त्यात मुकुटबनच्या रस्त्याची धूळ आणि एप्रिल-मे महिन्यांतला घाम मिसळला की काय होते हे आम्ही पाहिले आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या छटा उजळ वर्णाचा अंदाज धरून केलेल्या असतात. सावळ्या चेहऱ्यावर त्या एकतर दिसतच नाहीत किंवा राखेसारख्या नाहीतर नारिंगी दिसतात. एकाच ठिकाणचा दिवा, काही हात अंतरावरचा प्रेक्षक आणि थोडा वेळ, या तीन गोष्टी असतील तिथे कॉन्टूरिंग काम करते: रंगमंच, लग्नाची रात्र, छायाचित्रकाराच्या खोलीतले छायाचित्र. तासाला येताना या तिन्हींतली एकही नसते. एवढ्यावर लेख संपवता आला असता. आमच्यापैकी एका सहकाऱ्यांचे मत तसेच होते. सौंदर्यप्रसाधनावर साहित्याच्या अध्यापकांनी याहून अधिक शब्द खर्च करू नयेत असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करू शकलो नाही, आणि त्याला कारण ती मुलगीच.

झाले असे की दुसऱ्या वेळी तिने स्नेहसंमेलनाच्या रात्रीची हकीकत सांगितली. तोंड न धुताच ती घरी गेली. आजीने चेहरा कंदिलाला धरावा तसा हनुवटीला धरून फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘काऊन वं बाई, जेवत नाही का तू? गालफडं बसले ना तुये!’ मुलगी हे हसत सांगत होती. आम्हीही हसलो, आणि मग थांबलो. मराठीत गालफडे बसतात ती आजाराने, उपासाने, बाळंतपणात हाल झाल्याने, कर्जाच्या काळजीने. यवतमाळ जिल्ह्याने बसलेली गालफडे पुष्कळ पाहिली आहेत. ती पाहायला वर्तमानपत्र उघडण्याची गरज पडत नाही. ज्या देशांत अन्न उदंड झाले तिथे आत गेलेला गाल ही मिरवायची गोष्ट झाली. आजीची भाषा अजून त्या बाजूला गेलेली नाही. तिने रंगभूषेवर अभिप्राय दिला नव्हता. तिला नात उपाशी वाटली होती.

गालांचे असे. पण मुलीच्या प्रश्नात गाल नव्हतेच. बोलता बोलता तिने सांगितले की तिला रोज फक्त नाकाच्या दोन रेघा काढायच्या होत्या. मुलगी पोडावरून येते. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात हे बाहेरच्या वाचकांसाठी. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या तीन जमातींची महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंद आहे. तिच्या घरात बोलली जाणारी कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मराठी ती शाळेत शिकली आणि आता मराठी वाङ्मय घेऊन पदवी करते आहे. म्हणजे नाकाविषयी मराठी काय म्हणते ते तिने आमच्याकडून शिकले आहे.

आणि मराठी काय म्हणते? नायिकेचे नाक चाफेकळी. मुलगी पाहायला गेलेली मंडळी परत येऊन सांगतात ती ‘नाकीडोळी नीटस’. सरळ, तरतरीत, धारदार ही सगळी नाकाची विशेषणे गुणांची विशेषणे म्हणून वापरली जातात. धारदार नाकाबरोबर धारदार बुद्धी येते असा वाचकाचा समज कथाकार न बोलता करून देतो. याउलट गडी, मोलकरीण, रानातून आलेला माणूस कथेत शिरला की त्याचे नाक बसके, ओठ जाड. व्यक्तिचित्रणाचे गुणविशेष सांगताना आम्ही वीस वर्षे अशी वर्णने ‘चित्रदर्शी’ म्हणून फळ्यावर लिहीत आलो. समोरच्या बाकांवर कोण बसले आहे हे त्या वेळी आमच्या ध्यानात नव्हते. कोलामांचे नाक असेच असते असे आम्ही म्हणत नाही. जमातीला एक नाक नेमून देणे हाच तर मूळ घोटाळा आहे. पण जिला पुस्तकातले दुसरे वर्णन आपले वाटले, तिला पहिल्याकडे नेणारी तपकिरी भुकटीची एक डबी मिळाली तर तिने ती का घेऊ नये?

त्या पिंजऱ्याकडे आता परत येऊ. मॅक्स फॅक्टरच्या चाळीस वर्षे आधी हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानात माणसांची नाके मोजली. १८९१ साली बंगालच्या जातीजमातींवर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने नाकाची रुंदी आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे व्यस्त प्रमाण मांडले. पुढे हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला. मोजपट्टी विज्ञानाची आणि निकाल आधीच ठरलेला, असा तो प्रकार. याला एक मराठी उत्तर आहे आणि ते आपल्याला जवळचे वाटायला हवे. ‘युगान्त’मुळे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतली असमानता वंशाशी निगडित असून युरोपीय माणसाची श्रेष्ठता तीत दिसावी, असे गुरूंचे गृहीतक. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही असा निष्कर्ष मांडला. माणसाची कवटी दोन्ही अंगांनी सारखी नसते, आणि तसे नसणे हेच स्वाभाविक. प्रबंधाच्या शीर्षकातच ‘स्वाभाविक असमानता’ आहे. मुलीला आम्ही हे सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, ‘त्यांना पास केलं का मग?’ केले.

रंग लावूच नये असे मात्र आमच्यापैकी कोणाचेही मत नाही. आमच्या या सीमाभागात, पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे तेलंगणात, गोंड-कोलाम वस्त्यांमध्ये दिवाळीच्या दिवसांत दंडार असते. घुसाडी अंगाला राख फासतो, मोरपिसांचा भारदस्त टोप चढवतो आणि गावोगाव नाचतो. या नृत्यासाठी कनका राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ते दिवस सरले की टोप उतरतो आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जातो. रंगाला तिथे ऋतू आहे. राख फासल्याने तो दुसऱ्या कोणासारखा दिसावा अशीही अपेक्षा कोणी करीत नाही.

शेवटी मुलीला आम्ही दिलेले उत्तर असे. गालाची सावली हवी तर संमेलनाला, लग्नाला, छायाचित्राला कर. छटा स्वतःच्या वर्णावरून निवड आणि खोलीतल्या दिव्याखाली न पाहता दारात, उन्हाच्या बाजूला आरसा धरून पाहा. रोज करायचे तर काजळ पुरे, तेही वाटले तर. नाकाच्या रेघांविषयी आम्ही ‘करू नकोस’ असे म्हटले नाही. तो निर्णय तिचा आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीला बसणाऱ्या समितीच्या मनात कोणते नाक आहे हे आम्हांला ठाऊक नाही; तिथे रेघ काढून गेलेल्या मुलीला दोष देणारे आम्ही कोण? एवढेच म्हटले की ती रेघ प्रथम आमच्या पाठ्यपुस्तकांनी काढली आहे, आणि ती पुसायचे काम आमच्याकडे लागते.

त्याची सुरुवात म्हणून या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत व्यक्तिचित्रणावरचा नेहमीचा प्रश्न बदलला. ‘नाकीडोळी नीटस’, ‘चाफेकळी’, ‘बसके’ हे शब्द न वापरता आपल्या घरातील एका व्यक्तीच्या चेहऱ्याचे वर्णन करा, गुण दहा. बासष्ट उत्तरपत्रिका आल्या आहेत. पहिल्या वीसांपैकी अकरा जणांनी आजीचा चेहरा घेतला आहे. उरलेल्या अजून तपासायच्या आहेत.