फोन कपाटात ठेवलात, पण पुढे काय?

परवा भिशीला आम्ही आठ-दहा जणी जमलो होतो. नंबर कुणाचा लागला ते बाजूलाच राहिलं, विषय निघाला तो घरातल्या वाढत्या मुलांचा. एक म्हणाली, "आमचं कार्टं ताटावर बसलं तरी मान वर करत नाही." दुसरी म्हणाली, "मी तर पोरीचा फोन सरळ काढून घेतला. कपाटात ठेवलाय, किल्ली माझ्याकडे." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकच मैत्रीण गप्प होती. ती का गप्प होती, ते निघताना फाटकाशी कळलं. ते शेवटी सांगते.

आधी एक आठवण. हा फोन मुलांच्या हातात दिला कोणी? २०२० साली करोनात शाळा बंद झाल्या, अभ्यास फोनवर आला. ज्या घरात दहावीपर्यंत फोन नाही असा नियम होता, त्या घरातही हप्त्यावर फोन आला. शाळा सुरू झाल्या, फोन मात्र परत गेला नाही. म्हणजे दोष एकट्या मुलांचा नाही.

ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणारा 'असर'चा २०२४चा अहवाल आहे. त्यात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी शंभरात ८२ जणांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. आपल्याला घरात जे दिसतं, तेच आकड्यांत आलं. पण याच अहवालातला आणखी एक आकडा बघा. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली मात्र २७ टक्के. मुलाला क्लाससाठी 'लागतो' आणि मुलीच्या बाबतीत 'कशाला हवाय?' हे आपल्याच घरातलं वाक्य आहे ना?

ही डोकेदुखी जगभरच्या आयांची आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यू-ट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. त्यात मला एक गोष्ट आवडली. दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही. आपल्याकडे २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घ्यायला सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. कायदा हवाच. पण ज्या घरात आईचाच फोन मुलगा चालू करून देतो, तिथे संमतीचं बटण कोण दाबणार, हे तुम्हाला-मला चांगलं ठाऊक आहे!

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं जास्त कौतुक वाटतं. तिथे २०२२च्या ऑगस्टमध्ये बायकांच्या सभेत ठरलं आणि देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सात वाजता तो वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी फिरून लोकांना हे पटवलं. यातली मेख अशी, की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. बाबांच्या बातम्या बंद, आजीची मालिका बंद, आईचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही बंद. आपण मात्र एका हाताने रील सरकवत मुलांना 'ठेव तो फोन' म्हणतो. त्यांना ढोंग लगेच कळतं. वयच तसं असतं.

आता फाटकातली गोष्ट. ती मैत्रीण म्हणाली, "माझ्या लेकीचा फोटो एका मुलाने मैत्रिणीच्या स्टेटसवरून उचलला. दुसऱ्या घाणेरड्या फोटोला जोडून सगळीकडे टाकीन म्हणून धमकावत होता. पोरगी दीड महिना एकटीच सोसत होती. मला का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, तू आधी फोन काढून घेतला असतास आणि मग क्लास बंद केला असतास."

मैत्रिणींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. फोन काढून घेणं ही आपल्याला शिस्त वाटते. मुलीला मात्र त्यातून एवढंच कळतं, की आईला सांगितलं तर शिक्षा मलाच होणार. धमकी देणाऱ्याला तेच हवं असतं. त्याचा सगळा धंदा तिच्या गप्प बसण्यावर चालतो.

अशी वेळ कुणावर आलीच, तर मेसेज घाईघाईने पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. १०९८ ही मुलांसाठीची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांसाठीची हेल्पलाइन आहे. खऱ्या किंवा बनावट अश्लील चित्राची अशी धमकी १८ वर्षांखालच्या मुलाला देणं हा २०१२च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. 'पोलीस दारात आले तर लोक काय म्हणतील?' ही भीती मला कळते. पण याच कायद्यात सांगितलंय, की जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि जबाब घेणाऱ्याने गणवेशात यायचं नाही. मुलीची ओळखही जपायची असते.

पण वेळ येण्याआधीच एक काम करता येईल. आज जेवताना सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, स्वतःचा सगळ्यांत आधी. नियम लेकाला आणि लेकीला एकच ठेवा. आणि लेकीला एवढंच सांगा, "काहीही झालं तरी मला सांग. मी आधी ऐकून घेईन, ओरडायचं नंतर बघू." पहिल्या दिवशी ती खांदे उडवेल, 'काय गं आई' म्हणेल. म्हणू दे. तिने ते ऐकलेलं असतं.

त्या मैत्रिणीच्या लेकीचा क्लास सुरू आहे. फोनही तिच्याकडेच आहे.