यीस्ट, पण कोणतं?

शनिवारी सकाळी साताऱ्याहून मैत्रिणीचा फोन. आवाज रडवेला. काका मिरजेत आयसीयूत. (सातारा-सांगलीकडे मोठं दुखणं म्हणजे मिरज, हे ठरलेलंच.) रक्ताच्या रिपोर्टवर ‘यीस्ट’ आलेलं. ‘‘अगं, ते पावात घालतात तेच ना?’’

नाही हो! रक्तात सापडतं ते बहुतेक वेळा कँडिडा. आणि मंडळी, त्यातही जाती आहेत. अल्बिकन्स सगळ्यात फेमस. एरवी आपल्याच तोंडात, आतड्यात गुपचूप राहते. तिच्यावर फ्लुकोनॅझोल बहुधा चालतं. आपल्याकडच्या आयसीयूत मात्र ट्रॉपिकॅलिस जास्त भेटते. पॅराप्सिलोसिस सलाइनच्या नळ्यांना चिकटते, हातांवरून पसरते, पण त्यातल्या त्यात सौम्य. क्रुसेई फ्लुकोनॅझोलला जन्मजातच दाद देत नाही.

आणि ऑरिस? खरं टेन्शन हिचं. २००९मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात सापडली म्हणून हे नाव. अनेक औषधांना पुरून उरते, बेडच्या कठड्यावर दिवसचे दिवस टिकते आणि शेजारच्या पेशंटपर्यंत पोचते. २०२२मध्ये डब्ल्यूएचओने धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात ती सर्वांत वरच्या गटात आहे. गंमत म्हणजे घरचीच अल्बिकन्सही तिथेच!

मैत्रिणीला म्हटलं, डॉक्टरांना दोनच गोष्टी विचार. जात कोणती? आणि तिला कुठलं औषध लागू पडतं? जात कळायला वेळ लागतो, पण उपचार तोवर थांबत नाहीत.

सोमवारी एसएमएस आला : ‘ट्रॉपिकॅलिस. नळी बदलली. औषध चालू. काका अजून आतच.’