कॉफी हाऊसचा कप कोण उचलतो?



कलकत्त्याला गेलात तर कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये जरूर जा. जुना आल्बर्ट हॉल, १८७६ चा. १९४२ ला तिथं कॉफी बोर्डाचं कॉफी हाऊस निघालं. उंच छत, वर गॅलरी, भिंतीवर रवींद्रनाथांची भली मोठी तसबीर. एका कपावर तासन् तास बसा. सत्यजित राय बसले, अमर्त्य सेन बसले, कवी बसले, लिटल मॅगझिनवाले बसले. म्हणतात, बंगालचं डोकं इथंच शिजलं.

असेल. बसलं कोण ते ऐकलं. कप कोण उचलत होतं?

पांढरा गणवेश, डोक्यावर तुऱ्याची पगडी, कंबरेला पट्टा. साहेब गेला, पगडी तशीच राहिली. आणि त्या हॉलमधली खरी क्रांती टेबलावर झालीच नाही. कॉफी बोर्डाने कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पाठबळाने ठिकठिकाणच्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. १९५८ पासून कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊसही कामगारांचीच संस्था चालवते. बाबू क्रांतीवर बोलत राहिले, वेटरने ती करून दाखवली.

आता दुसरा हिशेब. १९४६ ला बाबासाहेबांना घटना समितीवर बंगालने पाठवलं. जोगेंद्रनाथ मंडल पाठीशी उभे राहिले म्हणून. त्याच मंडलांचे नमशूद्र फाळणीने निर्वासित झाले, दंडकारण्यात फेकले गेले. १९७८ ला सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर येऊन वसले. जानेवारी १९७९ ला डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली. ३१ जानेवारीला गोळीबार. मे महिन्यात झोपड्या जाळून माणसं हुसकली. मेलेल्यांचा आकडा आजही वादात आहे. कोणीच बोललं नाही असं नाय. पण व्हिएतनामसाठी कलकत्त्याचा रस्ता जसा भरून वाहिला, तसा मरीचझापीसाठी वाहिला नाही. लांबचा व्हिएतनाम टेबलावर मावतो, दारातला नमशूद्र मावत नाही!

मग त्याचं कोण लिहिणार? मनोरंजन ब्यापारी. निर्वासिताचं पोर, चहाच्या टपरीवर राबलं, तुरुंगात अक्षरं शिकलं, जादवपूरला रिक्षा ओढली. महाश्वेता देवींच्या 'वर्तिका' या छोट्याशा नियतकालिकात रिक्षावाल्याने स्वतः लिहिलं. हे साहित्य कप उचलणाऱ्या हाताचं.

हे नुसतं बंगालचं गाऱ्हाणं नाही. आपली शिकली-सवरलेली पोरंही आता चकचकीत कॅफेत बसतात. बसावंच. घटनेच्या १५व्या कलमाने हॉटेलात शिरायचा हक्क दिलाय. ज्यांच्या बापजाद्यांसाठी गावच्या हॉटेलात फुटका कप वेगळा ठेवलेला असायचा, त्यांनी तर मधल्या टेबलावर ताठ बसावं.

पण टेबल म्हणजे चळवळ नव्हे. कॉफी थंड होते, चर्चा गरम राहते, वस्तीतला नळ कोरडाच. तेव्हा कप ठेवणाऱ्याला नाव विचारा, पगार विचारा, युनियन आहे का विचारा. आणि मग उठा. आपली सभा वस्तीत आहे.

जय भीम!