बॅज कुणाच्या छातीवर?

१९७६ साली, ऐन आणीबाणीत, ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी पाडली. अणुखात्याला आपल्या माणसांच्या वसाहतीसाठी जागा पायजे होती. हजारो लोक उचलले अन् खाडीकाठी चीता कॅम्पात नेऊन टाकले. अणुयुगाशी आपली पहिली ओळख ही अशी, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन. दुसरी ओळख कंत्राटदाराच्या गेटपासनं: झाडू, फडकं, गटार.

तिसरी ओळख आपली आपण करून घ्यायची आहे. पोरांनो, किरणं मोजायचं काम शिका.

लगेच एखादा सुशिक्षित मित्र म्हणतो, ‘अरे, विषात कशाला शिरता?’ च्यायला, विषाच्या बाहेर आपल्याला ठेवलंय कुणी? २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत काय झालं? विद्यापीठानं प्रयोगशाळेतलं जुनं गॅमा-यंत्र लिलावात भंगारवाल्यांना विकलं. आत कोबाल्ट-६० तसाच. त्यांनी ते तोडलं. कातडी जळाली, केस गेले, एक कामगार मेला. ज्ञान विद्यापीठाकडं अन् किरणं भंगारवाल्याकडं, ही वाटणी आपल्याला नवी नाही. यंत्र फोडणाऱ्या त्या हातांत मीटर नव्हता.

तो मीटर आपल्या हातात पायजे. ही विद्या काही आभाळातली नाही. वेळ, अंतर, आडोसा, या तिघांवर उभी आहे. सोर्सपासून दुप्पट लांब जा, डोस चौथाईवर येतो. पण पाठांतरानं भागत नाही. मीटर शून्य दाखवतो तेव्हा जागा खरंच साफ आहे की मीटरचा सेल संपलाय, हे ओळखता आलं पायजे. ते हाताला शिकवावं लागतं.

भाभा अणुसंशोधन केंद्र असे प्रशिक्षणार्थी घेतं. आयटीआय झालेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन एका गटात, डिप्लोमा अन् बी.एस्सी.वाले दुसऱ्यात. शिकताना विद्यावेतन मिळतं. आयटीआयवाल्याकडं दहावीला विज्ञान-गणितासह ६० टक्के मागतात. मेख इथंच आहे. आपली किती पोरं हाताला वस्ताद असून गणितात गळतात! वस्तीच्या अभ्यासिकेत भाषणं जरा कमी करा, गणित घ्या. (यावर काही पुढारी रागावतील. रागावू देत.)

बाहेरही काम आहे: हॉस्पिटलात, वेल्डिंगचे सांधे तपासायच्या रेडिओग्राफीत. मी त्यातलाच. इरिडियम-१९२ चा कॅमेरा घेऊन रात्रीबेरात्री यार्डात. एका कंत्राटदारानं आम्हाला सांगितलं, ‘बॅज हापिसात ठेवा. डोस वाढला तर काम जाईल.’ आता बॅज काही किरणं अडवत नाही. तो साक्षीदार आहे. टीएलडीतल्या तीन चकत्या अंगासोबत सगळं सोसतात अन् तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जबानी देतात. साक्षीदार हापिसात कोंडला की गुन्हा झालाच नाही! अन् पोटासाठी पोरं तो स्वतःहून कोंडतात, हे जास्त वाईट.

मर्यादा ऐका. सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. कामगाराला पाच वर्षांत मिळून १००, अन् कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. म्हणजे सरासरी वीसपट, तीही कायदेशीर. त्या वीसपटीचा हिशेब तरी हातात नको? २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत लिहून ठेवलंय: डोसची नोंद मालकानं कामगाराला दरवर्षी द्यायची, मागेल तेव्हा द्यायची, काम सुटतानाही द्यायची. मी मागितली तेव्हा सुपरवायझर हसला. तोंडी मागितली की हसतात. लेखी मागा, पोच घ्या.

शिकलेला पोरगा आत जाऊन नुसता क्वार्टर घेऊन बसला तर मला त्यात रस नाही. कंत्राटात आरक्षण नाही. किरणांच्या भागात फरशी पुसणारी बाई, डाग खरवडणारा हेल्पर, यांच्या छातीवर बॅज आहे का, त्यांना मीटर म्हणजे काय हे कुणी सांगितलंय का, हे विचारायला आतला, नियम जाणणारा माणूस लागतो. भरतीची पुढची जाहिरात निघाली की तारीख वस्तीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.