स्थगितीची किंमत
केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम ५ सांगतो. स्थगिती हवी असल्यास भरीव नुकसानीची शक्यता दाखवावी लागते, विनाविलंब अर्ज करावा लागतो आणि तारण द्यावे लागते. मात्र आदेश २७, नियम ८-अ शासनाला तारणातून सूट देतो. शासनाचे दिवाळे निघत नाही, हे खरे. परंतु वाट पाहणारा माणूस म्हातारा होतो. ज्या विलंबाची किंमत स्वतःला मोजावी लागत नाही, तो वाढतच जातो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. ‘अपील करावे, स्थगिती मागावी’ अशा टिपणींवर मीही सह्या केल्या आहेत. हुकूमनामा मिळालेल्या माणसाचे वय त्या फाइलींत कोठेच नसे. निदान वादात नसलेली रक्कम आधी चुकती करावी आणि मगच शासनाने स्थगिती मागावी.