उभ्या गाडीचा गिअर अडला तर

ईदच्या सुट्टीत आखातातून माणसं घरी आली की आमच्याकडे गाड्यांच्या तक्रारी वाढतात. मालक दुबईत किंवा दोह्यात, गाडी अंधेरी-जोगेश्वरीच्या सोसायटीत पावसाळाभर उभी. या वेळी अंधेरीच्या एका भगिनीने विचारलं आहे. शोहर परदेशात, सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि घरची जुनी ऑटोमॅटिक गाडी आठ महिने जागची हलली नव्हती. इंजिन सुरू झालं, पण लिव्हर ‘डी’वर टाकल्यावर गाडी नुसती गुरगुरली आणि थोड्या वेळाने धक्का देऊन पुढे गेली. जवळच्या गॅरेजने सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो खर्च डायलिसिसच्या पैशातूनच निघणार.

आपा, आज ‘हो’ म्हणू नका.

या गाडीत तेल हेच काम करतं. इंजिनवर चालणारा पंप तेल दाबाने आत ढकलतो आणि त्या दाबाने क्लचच्या प्लेट्स आवळल्या जातात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरतं. रबरी सील कडक होतात, बारीक व्हॉल्व्ह चिकटतात. म्हणून पहिल्या दिवशी गिअर उशिरा पकडला, तर गिअरबॉक्स मेलाच असं नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून जोर मात्र करू नये. तेल पोचण्याआधीच प्लेट्स घासल्या जातात. पाच-दहा मिनिटं ‘पी’वर इंजिन चालू ठेवा, मग ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवा.

त्याआधी बॅटरी तपासा. ती कमजोर असली की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर भलतेच इशारे देतो. लिव्हर ‘पी’मधून हलतच नसेल तर ब्रेक लाइटचा फ्यूज पाहा. आपल्या दमट हवेत आणखी एक गोष्ट होते: हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक गंजून ड्रमला चिकटतात, आणि दोष गिअरबॉक्सवर येतो. सपाट जागेवर लिव्हर ‘एन’वर टाका, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी ढकलून पाहा. हलत नसेल तर आधी ब्रेकवाल्याला बोलवा. (वायर उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, तेही बघाच.)

मग तेल. थंड गाडीत, इंजिन बंद असताना पट्टी खोटं सांगते, कारण वरचं तेल खाली आलेलं असतं. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर पाहतात. होंडात इंजिन बंद केल्यावर लगेच. काही गाड्यांना पट्टीच नसते, तिथे लिफ्टवर चढवावं लागतं. तेल लालसर असेल तर ठीक, तपकिरी असेल तर बदला. काळं असून जळका वास येत असेल, तर गॅरेजवाला खरं बोलतोय. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय; मग गाडी सुरूच करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. तितका पाऊस लागत नाही. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं तरी ते आत शिरू शकतं.

तेल बदलताना पॅनमधून थोडंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा बदलावं, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही. जुन्या गिअरबॉक्सला मशीनने जोराचं फ्लशिंग आम्हाला पसंत नाही. आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. सिटी झेडएक्सच्या सीव्हीटीला साधं ऑटोमॅटिकचं तेल चालत नाही. २०१४ च्या सेलेरिओपासून आलेल्या एएमटी गाड्यांची तर गोष्टच वेगळी. त्यात साधा गिअरबॉक्स आणि साधा क्लच असतो, फक्त क्लच यंत्र दाबतं. तिथे ही तेलाची कहाणी लागू नाही.

हे सगळं करूनही गिअर घसरत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा, आणि तो ऑटोमॅटिकचं काम करणारा असावा. नुसतं गाडी चालवून पाहून सांगणाऱ्याला विचारा, तेल काढून पाहिलंत का, स्कॅनर लावलात का?

तोवर सासरेबुवांना रिक्षाने न्या; भर रस्त्यात गाडी थांबली तर धक्का मारून ती सुरू होत नाही. टोइंगची वेळ आलीच, तर पुढची चाकं वर उचलायला सांगा. ती रस्त्यावर फिरत राहिली तर वाचलेला गिअरबॉक्सही जाईल.